उस्तादांचे धुतलेले शॉकअप

शॉकअप भांड्यांसारखे घासायचे नसतात, हे मावशीला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? ज्यांनी सांगायचं ते नऊ दिवस दवाखान्याच्या खाटेवर पडून होते, उजवं अंग लुळं, ओठ एका बाजूला ओढलेला. उद्या घरी सोडतो असं डॉक्टर म्हणाले, तशी ती घर आवरायला धावली. आपल्या माणसाने घरात पाऊल टाकावं आणि त्याला सगळं लख्ख दिसावं, एवढाच तिचा हेतू.

मागच्या खोलीत खिडकीखाली नवऱ्याचं कामाचं टेबल होतं. त्यावर एका ताटलीत रिमोटच्या गाडीचे, धक्के झेलणारे चार शॉकअप उघडे पडले होते. नऊ दिवसांपूर्वी नवरा खुर्चीवरून खाली घसरला तेव्हा हेच काम चाललं होतं. करंगळीएवढी चार नळकांडी, त्यांतल्या दांड्या, भोकं पाडलेल्या इवल्याशा चकत्या, स्प्रिंगा, रबरी कड्या. सगळ्यावर तेलाचा चिकट थर, त्यात धूळ, त्यात एक मेलेली माशी. मावशीच्या अंगावर काटा आला. तिने पाणी तापवलं, साबण घेतला, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि बाह्या वर सारल्या.

इथेच मावशीचा स्वभाव सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही तिला वेंधळी म्हणाल आणि मला ते चालायचं नाही. मोठ्या रुग्णालयात ऑपरेशनची हत्यारं धुण्याच्या खोलीत ती सव्वीस वर्षं कामाला आहे. रक्ताने माखलेला ट्रे खिडकीतून आत येतो. धुवायचं, वाळवायचं, कात्र्या कात्र्यांत, चिमटे चिमट्यांत लावायचे, मोजायचे, गुंडाळून वाफेच्या यंत्रात सारायचे. सव्वीस वर्षांत एक चिमटा इकडचा तिकडे झालेला नाही. तिथे सगळे तिला मावशी म्हणतात, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले सर्जनसुद्धा. मग आपण तरी वेगळं काय म्हणणार?

तर मावशीने तासाभरात ती ताटली आरशासारखी केली. चारही शॉकअपचे भाग सुटे करून धुतले, कपड्यावर वाळवले आणि आपल्या रीतीने लावले. स्प्रिंगा एका बरणीत, चकत्या दुसरीत, दांड्या तिसरीत. खणात आणखी अठरा स्प्रिंगा सापडल्या. त्याही स्प्रिंगांच्या बरणीत गेल्या. बरण्यांवर स्वच्छ अक्षरात चिठ्ठ्या लागल्या. टेबलावर एक छोटी बाटली होती, अर्धी भरलेली, तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. नावगाव नसलेली वस्तू ठेवायची नाही, हा हत्यारांच्या खोलीतला पहिला नियम. तिने ती मोरीत ओतली, बाटलीही धुऊन पालथी घातली. मग कमरेवर हात ठेवून टेबलाकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

तिचा नवरा म्हणजे उस्ताद. ट्रकचे पाटे आणि शॉकअप बसवण्यात त्यांची हयात गेली. ट्रक आला की ते खाली वाकायचे नाहीत. दोन पावलं मागे सरून उभे राहायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "मागचा डावा बसलाय." खोलून बघावं तर मागचा डावाच बसलेला. अकरा वर्षांपूर्वी कंबरेने दगा दिला आणि त्यांना घरी बसावं लागलं. घरी बसलेला मेकॅनिक म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. त्यांनी पंख्याला तेल घातलं, दाराच्या बिजागऱ्या बदलल्या, चालू असलेलं शिवणयंत्र दुरुस्त करून बंद पाडलं. तेवढ्यात चष्मेवाले भेटले म्हणून निभावलं.

चष्मेवाल्यांचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान आणि नाद रिमोटच्या क्रॉलरचा. क्रॉलर ही पळणारी गाडी नव्हे. मांजराएवढी असते, चाकं जाड आणि मऊ, चाल गोगलगायीची. तिची सगळी मर्दुमकी खडक चढण्यात. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत दर रविवारी पाचसहा बाप्ये हातात रिमोट धरून उकिडवे बसायचे, साठीची माणसं, आणि एकेका खडकापायी अर्धा अर्धा तास श्वास रोखायचे. चष्मेवाल्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी उस्तादांच्या गळ्यात मारली, आणि त्या दिवसापासून दोघांचं भांडण सुरू झालं.

भांडण शॉकअपवरून. गाडीबरोबर जे शॉकअप येतात ते कंपनीचे. प्लॅस्टिकचे, स्वस्तातले, महिन्याभरात गळायला लागणारे. ज्याला ऐपत असते तो ते काढून टाकतो आणि बाहेरचे बसवतो, ॲल्युमिनियमचे, चकचकीत, दांडी आत-बाहेर करताना आवाजसुद्धा न करणारे. चष्मेवाल्यांच्या गाडीवर बाहेरचे होते. उस्तादांनी मरेपर्यंत कंपनीचेच ठेवीन अशी मनाशी गाठ बांधली.

"अहो, गळतायत ते उस्ताद! तेलाचा माग काढत तुमच्या घरी पोचता येईल."

"गळतंय म्हणजे आत तेल आहे. ज्यातून गळत नाही त्याची काळजी करा."

"एकदा बाहेरचे लावून तर बघा."

"नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणायचे. तुम्ही तर अंगणच नवं विकत आणता, चष्मेवाले."

एवढ्यावर हसून सोडून देतील तर ते दोघे कसले. मोटरने जोर लावला की या गाडीचं अंग पिळतं, एक कोपरा दबतो, समोरचा उचलला जातो, आणि चढावर गाडी कुशीवर पडते. उस्तादांनी यावर आपली ट्रकची अक्कल चालवली. चारही शॉकअप वेगवेगळे केले. कुठे स्प्रिंग एक वेटोळं कापलेली, कुठे चकतीला एक भोक जास्त, आणि तेल तर दोन-तीन प्रकारचं मिसळून स्वतःच जमवलेलं. चारी दिसायला सारखे, चालीला चार तऱ्हेचे. अशी ती प्लॅस्टिकची गाडी खाणीतल्या सगळ्यात अवघड खडकावर ठेचकाळत चढायची आणि चष्मेवाल्यांची महागडी गाडी अर्ध्यातून गडगडत खाली यायची. तरी चष्मेवाले हार मानायचे नाहीत. खडक ओला होता, बॅटरी उतरली होती, उन्हाने डोळे दिपले होते. अकरा वर्षांत त्या माणसाने तसूभर माघार घेतली नाही, आणि उस्तादांना ते फार आवडायचं. रविवारी घरी आल्यावर ते मावशीला सगळं भांडण दोन्ही आवाजांत करून दाखवायचे. तिला त्यातलं अक्षर कळायचं नाही. ती भाजी चिरता चिरता हं हं म्हणायची.

उस्ताद घरी आले ते एकच शब्द घेऊन: सात. हा सात कुठून आला, कोणालाच माहीत नाही. अशा झटक्यानंतर कधीकधी एखादाच शब्द मागे उरतो, असं बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. चहा हवा? सात. उशी सरकवू? सात, सात. राग आला की मोठ्याने, दमले की पुटपुटत. पहिले दोन दिवस मावशीने खरोखर सात बिस्किटं मोजून पुढे ठेवली. मोजायची सवय, दुसरं काय.

"पण कळतं ना त्यांना सगळं?" तिने मॅडमना विचारलं.

"बरंच कळतं. किती, ते आत्ताच सांगता यायचं नाही."

यातलं पहिलं वाक्य मावशीने उचललं आणि दुसरं तिथेच ठेवून आली.

तिसऱ्या दिवशी तिने त्यांना चाकाच्या खुर्चीतून मागच्या खोलीत नेलं. "बघा तरी, कसं लख्ख केलंय!" उस्तादांनी बरण्या पाहिल्या. डाव्या हाताने स्प्रिंगांची बरणी उपडी केली, बावीस स्प्रिंगा टेबलावर घरंगळल्या. मग ताटलीच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. पालथी बाटली उचलली, उलटी केली, नाकाशी नेली. "सात?" असं विचारलं. मावशी हसून हो म्हणाली. त्यावर ते हुंदके देऊन रडायला लागले. अशा आजारात माणसं कशानेही रडतात असं तिला सांगितलेलं होतं, म्हणून तिने त्यांचे डोळे पुसले आणि खुर्ची फिरवली.

संध्याकाळी चष्मेवाले आले. टेबल पाहून ते मटकन स्टुलावर बसले.

"वहिनी, या बाटलीतलं तेल?"

"ओतलं. चिठ्ठी नव्हती तिच्यावर."

"मोरीत?"

"मग कुठे ओतणार?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. अकरा वर्षं त्यांनी ज्या शॉकअपना कचरा म्हटलं होतं, त्यांच्याबद्दल ते आता हळू आवाजात बोलू लागले. कोणत्या नळकांड्यात कोणती चकती, कोणती स्प्रिंग, किती जाड तेल, यातच उस्तादांची सगळी करामत होती, हे त्यांनी समजावलं. कागदावर काही लिहिलेलं नाही. लिहिणं म्हणजे विसरायची सोय, असं उस्ताद म्हणायचे.

"म्हणजे मी..."

"तुम्हाला काय माहीत, वहिनी."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. ज्या हातांवर सव्वीस वर्षं रुग्णालयाने डोळे मिटून विश्वास टाकला, त्याच हातांनी तिने नवऱ्याचं अकरा वर्षांचं काम धुऊन टाकलं होतं, आणि तेही प्रेमाने. ती चहा टाकायला उठली आणि चहात मीठ घालून आली. चष्मेवाले तो मुकाट्याने प्यायले.

पुढच्या रविवारी ते बाहेरचे शॉकअप घेऊन आले, अगदी नवे, डबीत ओळीने ठेवलेले. खाणीतल्या सगळ्यांकडून भेट. उस्तादांनी डबीकडे पाहिलं आणि डाव्या हाताने ती अशी ढकलली की एक शॉकअप कपाटाखाली गेला. "सात!" यावेळच्या सातचा अर्थ लहान मुलानेही सांगितला असता. त्यांना त्यांचे हवे होते.

मावशीने त्याच दिवशी ठरवलं. ज्या हातांनी विस्कटलं त्याच हातांनी जुळवायचं. उस्तादांना सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही. मग आपण एकेक करून दाखवू, ते बरोबरला बरोबर म्हणतील. म्हणजे सात म्हणतील, पण तो सात ऐकताच ओळखू येईल. त्यांची गाडी त्यांना होती तशी परत द्यायची, बस्स, दुसरं काही नको. डॉक्टर त्यांचा हात परत देणार नव्हते, मॅडम भाषा परत देणार नव्हत्या. हे एक तरी तिच्या हातातलं होतं.

आणि हात तिचे होतेच तयार. पंधरा दिवसांत ती शॉकअप भरायला शिकली. नळकांडं उभं धरायचं, काठापर्यंत तेल घालायचं, दांडी हळूहळू वर-खाली करायची, बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं, मग झाकण. चकती धरून ठेवणारी नखाएवढी कडी असते. ती चिमट्यातून उडाली की गेलीच. मावशीच्या चिमट्यातून एकही उडाली नाही. चष्मेवाले म्हणाले, "वहिनी, माझ्याहून सफाईने करता." तिला त्या कौतुकाने रडू फुटायचं बाकी राहिलं.

कामावरून आली की ती तेल भरायची. मग दोघं मागच्या अंगणात जायची. तिथे तिने चष्मेवाल्यांकडून दगडांचा एक ढीग रचून घेतला होता. रिमोटचा खटका दाबायचा एका हाताने आणि चक्र फिरवायचं दुसऱ्याने. उस्तादांना हात एकच. म्हणून ते खटका दाबायचे आणि ती त्यांच्या खुर्चीला टेकून चक्र फिरवायची. तीस वर्षांच्या संसारात ती दोघं इतकी जवळ कधी बसली नसतील. गाडी चढायची, अर्ध्यावर तिचं अंग पिळायचं, कोपरा उचलला जायचा, आणि धप्पकन कुशीवर.

"स्प्रिंग चुकली का?"

"सात."

"की तेल जाड झालं?"

"सात."

"अहो, नुसती मान हलवा ना! हो की नाही, एवढंच!"

ते मान हलवायचे. पण ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिला कळायचं नाही, आणि कदाचित त्यांनाही. ती वहीत लिहायची: मागे उजवीकडे आखूड स्प्रिंग, तीन भोकांची चकती, चाळीस नंबरचं तेल, पडली. बावीस स्प्रिंगा, दोन तऱ्हेच्या चकत्या, चार कोपरे, तेलाचे प्रकार मोजायचे किती. चष्मेवाल्यांनी एकदा हिशेब मांडायला घेतला आणि अर्ध्यावर पेन खाली ठेवलं. मावशीने वहीचं पान उलटलं आणि पुढचा आकडा घातला. दोन महिने गेले, वही भरत आली. गाडी पडायचीच. ती उठून गाडी सरळ करायची, परत येऊन खुर्चीला टेकायची, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. ते तोंड आता बंद दुकानासारखं झालं होतं. आत माल आहे हे तिला ठाऊक होतं, फक्त फळी उघडत नव्हती.

मग एका दुपारी आशेचा किरण दिसला. ती भात गाळत असताना मागच्या खोलीतून टेबलावर थाप ऐकू आली. जाऊन बघते तर उस्तादांनी बरणी उपडी केलेली, आणि डोळे मिटून ते एकेक स्प्रिंग अंगठा आणि बोट यांच्यात दाबून बघतायत. अगदी पूर्वीसारखे, एका बाजूला मान कलती करून. एक स्प्रिंग त्यांनी वेगळी काढली, टेबलावर ठेवली आणि दणकन थाप मारली. "सात!"

मावशीच्या अंगात बळ आलं. भात तसाच राहिला. तिने ती स्प्रिंग मागच्या उजव्या कोपऱ्यात बसवली. गाडी पडली. मागच्या डाव्यात. पडली. पुढे दोन्हीकडे. पडली. तिने त्या स्प्रिंगेला सवयीने लाल दोरा बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: मिटलेले डोळे, कलती मान, दणकन थाप. दोरा नव्हता. ही दुसरीच स्प्रिंग होती. तिसऱ्या दिवशी तिसरी.

चौथ्या दिवशी मावशीने जे केलं त्याची तिला अजून लाज वाटते. तिने कामावरच्या पेनातली स्प्रिंग काढली, बोटभर लांबीची, केसासारखी पातळ, आणि इतरांत मिसळून दिली. उस्तादांनी डोळे मिटले. एकेक दाबून पाहिली. पेनातली स्प्रिंग हातात आली तेव्हा जरा थांबले, मान आणखी कलती केली, ती वेगळी काढून ठेवली, आणि खात्रीने, अगदी खात्रीने थाप मारली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खोटं नाही. ती उघडून बघायची बुद्धी आपल्याला कुठून झाली, असं तिला झालं. ती तिथेच फरशीवर बसली. ते ज्ञान जगात दोनच ठिकाणी होतं, त्यांच्या डोक्यात आणि त्या ताटलीत. डोक्यातलं झटक्याने नेलं. ताटलीतलं तिने साबणाने धुतलं. आता ते कुठेच नव्हतं, आणि वरून उस्ताद तिच्याकडे बघून हसत होते, सापडलं एकदाचं म्हणून.

तिने चष्मेवाल्यांच्या दुकानात जाऊन सांगितलं. पेनातल्या स्प्रिंगेचंही सांगितलं, मान खाली घालून. दुकानात एक गिऱ्हाईक आरशासमोर चष्मा लावून बघत होतं. चष्मेवाल्यांनी त्याला उद्या या म्हणून वाटेला लावलं.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"ते बाहेरचे आहेत ना, ते लावू. आणि सांगू, तुमचेच आहेत म्हणून."

"ओळखतील हो. केवढे चमकतात."

"ओळखतील?" मावशी म्हणाली.

तरी चष्मेवाल्यांनी काम नीट केलं. ज्या झळाळीवर ते अकरा वर्षं भाळले होते ती त्यांनी स्वतःच्या हाताने पॉलिश-कागद घासून मारली. वरून कंपनीच्या रंगाचा काळा हात दिला, दोन ठिकाणी मुद्दाम खरवडला. मावशीने तेल भरलं, एकही बुडबुडा राहू दिला नाही. गाडी उस्तादांपुढे ठेवून ती म्हणाली, "जमलं हो! तुमचे होते तसे जमले." तीस वर्षांत ती त्यांच्याशी एवढं मोठं खोटं बोलली नव्हती. उस्तादांनी गाडीचं टप तळव्याने दाबलं, सोडलं. गाडी संथपणे वर आली. पुन्हा दाबलं. मग त्यांनी वाकड्या ओठाने हसून तिच्या गालावर हात ठेवला, आणि मावशीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

रविवारी त्यांना खाणीत नेलं. चौघांनी खुर्ची उचलून सपाट जागी मांडली. सगळे जमले होते आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळे जो तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलत होता. अवघड खडकाचं नाव कोणी काढलं नाही. चष्मेवाल्यांनी एक बरा, उतरता खडक दाखवला. उस्तादांनी खटका दाबला, मावशीने चक्र फिरवलं. गाडी पुढे आली, पुढची चाकं खडकाला चिकटली, अंग जरासं पिळलं आणि सावरलं. इंचाइंचाने ती वर गेली. कोपरा उचलला गेला नाही. पावणेदोन मिनिटांत गाडी खडकाच्या माथ्यावर होती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांचा चेहरा इतका फुलला की ओढलेला ओठसुद्धा क्षणभर सरळ भासला. "सात! सात!" त्यांनी छातीवर थाप मारली. मग बोट गाडीच्या शॉकअपकडे केलं आणि तिथून चष्मेवाल्यांकडे वळवलं. भुवया उंचावल्या, हनुवटी वर केली. हे काय चाललंय ते सगळ्यांना समजलं. ते भांडणाला बोलावत होते. आता बोला, चष्मेवाले. काय निमित्त काढता, बघू.

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. खडक सोपा होता, एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं. पण भल्या माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच त्यांना सुचलं. ते पुढे आले, उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानलं, उस्ताद. हरलो मी. कंपनीचेच चांगले. अकरा वर्षं तुमचंच खरं होतं."

उस्तादांचं बोट हवेत तसंच राहिलं.

ते चष्मेवाल्यांकडे बघत राहिले. हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, मग गालांतून, ओठांवर थोडा वेळ उगाच राहिलं. पाण्यात, उन्हात, बॅटरीत कारणं शोधणारा माणूस एका वाक्यात हरला होता. कशासाठी हरला असेल? चष्मेवाले घाबरून आणखी बोलायला लागले, "खरंच सांगतो, माझेही काढून टाकतो आता, तुम्हीच मला..." आणि प्रत्येक शब्दागणिक उस्तादांचा चेहरा उतरत गेला. मावशीने त्यांना डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा हो, पण त्यांचा चष्मा डबडबला होता, त्यांना खूण दिसली नाही.

मग उस्तादांनी मान वळवून मावशीकडे पाहिलं. तीन महिने या चेहऱ्यावरचं एक अक्षर तिला लागत नव्हतं. आज सगळं एकदम वाचता आलं, आणि वाचता आलं नसतं तर फार बरं झालं असतं. त्यांनी गाडीकडे बोट केलं, शॉकअपकडे. "सात?" अगदी हळू.

हो म्हणायला एक अक्षर पुरतं. ते तिच्या जिभेवर आलं होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली.

उस्तादांनी खटक्यावरचं बोट काढलं. रिमोट तिच्या मांडीवर ठेवला आणि डावा हात उजव्या हातावर ठेवून ते खाणीच्या भिंतीकडे बघत बसले. खटका सोडला तरी क्रॉलर घरंगळत नाही, आहे तिथेच थांबते. गाडी माथ्यावर उभी होती. चष्मेवाले म्हणाले, "द्या वहिनी, मी उतरवतो," पण तिने रिमोट दिला नाही. खटका दाबायला ती कधी शिकलीच नव्हती.